नावाडी कान देतो ती जागा

शिवानी दुकानात आली तेव्हा साईनाथ कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओवर गाणं चढवत होता. कानांवर हेडफोन होते, त्यामुळे ती दारात उभी राहून दोनदा हाक मारून थकली आणि शेवटी तिने पेढ्यांचा पुडा थेट त्याच्या कीबोर्डवर ठेवला. पडद्यावरची नवरी उलटी धावली.

"अगं, काय हे!"

"साईकाका, आंबिवलीचं कीर्तन मला दिलंय. बाबांच्या जागी."

साईनाथने हेडफोन काढले, पुड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मगच पेढा तोंडात टाकला. शिवानीचे बाबा, शहाडचे कीर्तनकार देवरामबुवा, म्हणजे त्याच्या घरचा देवच होते. डोंबिवलीत त्याचं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान होतं. लग्न, मुंज, बारसं, नगरसेवकाचा वाढदिवस, जे येईल ते तो कापायचा आणि जोडायचा. पण ते पोटासाठी. त्याची खरी ओळख बुवांच्या मागे झांज धरणारा साई हीच होती. कॉलेजात असल्यापासून तो बुवांच्या मागे उभा राहत आला होता. अर्धांगाचा झटका येऊन बुवांची वाचा गेली त्या दिवसापासून झांज खुंटीला होती. बुवांना सगळं कळायचं, सगळं आठवायचं, फक्त शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे.

"आख्यान कुठलं घेणार?" साईनाथने विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं.

"नावाड्याचं."

ते आख्यान बुवांचं स्वतःचं होतं. नदीच्या तरीवरचा एक नावाडी. रोज दिवेलागणीला शेवटची खेप करून तो नाव बांधायचा, पण बांधण्याआधी पैलतीराकडे कान द्यायचा. कुणी राहिलं तर नाही? लोक हसायचे, अरे अंधारात कोण बसलंय तुझ्यासाठी? पूर आलेल्या संध्याकाळीही त्याने कान दिला. इथे बुवा थांबायचे. उजवा हात कानामागे, डोळे पैलतीरावर. पेटी थांबायची, तबला थांबायचा, झांजेचा नाद उरू नये म्हणून साईनाथ ती छातीशी दाबून धरायचा. बुवा काहीच बोलायचे नाहीत, कुणाला खूणही करायचे नाहीत. देवळात समईची वात ऐकू येईल अशी शांतता. आणि मग श्रोत्यांतूनच कुणालातरी राहवायचं नाही. कधी एखादी म्हातारी, कधी आईच्या मांडीवरचं पोर, एकदा तर दाराशी चपला सांभाळणारा माणूस, हळूच म्हणायचा, "हरी!" की बुवांच्या चिपळ्या कडाडायच्या, "आलो रे आलो!" आणि पुरात नाव सुटायची. पैलतीरी कोण होतं हे बुवा कधी सांगायचे नाहीत. श्रोत्यांनीच सांगितलेलं असायचं.

"बाबांनी ते कधी लिहून काढलंच नाही," शिवानी म्हणाली. "आई म्हणाली, विचारलं की म्हणायचे, कागदावर उतरलं की नाव किनाऱ्याला लागते. आता विचारायची सोय नाही. मी लहान असताना ऐकलंय, पण मला फक्त झोप आल्याचं आठवतं." ती हसली. "तुमच्याकडे आहे ना? त्या वर्षी तुम्ही तीन कॅमेरे लावलेले."

"आहे म्हणजे काय! जसंच्या तसं आहे. परवा पाठवतो."

ती गेल्यावर त्याने जुनं काम शोधून उघडायला घेतलं. उघडेना.

कारण असं होतं. ज्या सॉफ्टवेअरवर साईनाथचा हात बसला होता, ते कंपनीने गेल्या वर्षी मुळापासून नव्याने लिहिलं. डागडुजी नव्हे, जुनं पाडून नवं. त्याचा भागीदार प्रेम तेव्हा नाचला होता. "आपल्या बिल्डिंगसारखं आहे रे," तो म्हणालेला. "जुन्या पायावर अजून मजला चढत नव्हता, म्हणून रिडेव्हलपमेंट. आता बघ कसं पळतं."

आणि ते पळतही होतं, हे कबूल करायला हवं. पूर्वी लग्नाचा व्हिडिओ तयार होईपर्यंत मशीन कुंथायचं, मध्येच मान टाकायचं. आता चहा येईपर्यंत काम व्हायचं. चेहरे ओळखून नवरीकडचे एका बाजूला, नवऱ्याकडचे एका बाजूला ते स्वतःच लावायचं. साईनाथलाही आवडलं होतं. सीझनमध्ये त्याला घरी जेवायला मिळालं ते त्याच्यामुळेच.

पण बिल्डिंगमध्ये लिफ्ट आली तेव्हा खालचा कट्टा गेला होता, तसं इथेही झालं. जुन्यात आडव्या ओळी असायच्या. साईनाथच्या ओळी ठरलेल्या होत्या: सगळ्यांत वर बुवांचा आवाज, खाली पेटी, त्याखाली तबला आणि झांज, आणि तळाला श्रोते. जे जिथे ठेवलं ते तिथेच राहायचं. मधलं काही काढलं तर तिथे रिकामी जागा उरायची, तोंड वासून. नव्यात ओळीच नव्हत्या. सगळं एका साखळीला चिकटलेलं. एक तुकडा उचलला की बाकीचे पंगतीत सरकून बसावं तसे सरकायचे आणि जागा मिटून जायची. आणि जुन्यात केलेलं काम नवं ओळखतच नव्हतं. जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नव्हतं, जुनं मशीन नव्याच्या बदल्यात देऊन टाकलेलं.

"मी तेव्हाच सांगितलेलं," प्रेम म्हणाला. "महत्त्वाचं ते आधी पूर्ण करून बाहेर काढून ठेव. तू म्हणालास, बुवांचं काम कधी पूर्ण होत नसतं, दरवर्षी हात फिरवतो मी."

"म्हणालेलो."

"कच्चं शूटिंग आहे ना? मग पुन्हा जोड. नव्याला काय वेळ लागतो?"

कच्चं शूटिंग होतं. साईनाथने ते दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतलं. तिन्ही कॅमेरे सॉफ्टवेअरने आवाजावरून स्वतःच जुळवले. पूर्वी याच कामात त्याचा दिवस गेला होता. टाळी आणि झांज बघत बघत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याने मशीनला हात जोडले. मग पडद्यावर एक चौकट आली. शांत जागा सापडल्या आहेत, काढून टाकू का?

साईनाथने विचार केला. पेटीवाल्याचं सूर लावणं, बुवांचं पाणी पिणं, माइकवाल्याची खुडबुड. आजकाल लोक फोनवर बघतात, थांबतंय कोण. त्याने 'हो' दाबलं. कीर्तन अंग चोरून बसल्यासारखं आखूड झालं. जिथे जिथे काही निघालं होतं तिथे मशीनने आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्याचं दृश्य लावलं होतं. मान डोलावणारे श्रोते दिसत आणि पुन्हा बुवा. जोड कुठे दिसत नव्हता. साईनाथला कारागिराचा आनंद झाला. दारात वरमाई येऊन उभी होती. त्याने व्हिडिओ शिवानीला पाठवून दिला.

वरमाईला फुलांच्या पाकळ्या पडताना दाखवता दाखवता त्याच्या मनात काहीतरी टोचलं. ती गेल्यावर त्याने नावाड्याची जागा काढून पाहिली. बुवांचा हात कानामागे गेला. श्रोते दिसले. बुवा म्हणाले, "आलो रे आलो!"

मधे काहीच नव्हतं. ती शांतता मशीनला शांतता वाटली होती, आणि दूरवरून आलेली ती बारीक हाकही माइकपासून लांब असल्यामुळे शांततेतच जमा झाली होती. नावाडी कुणी न बोलावताच निघाला होता.

आता दुरुस्त करून पुन्हा पाठवू, असं म्हणत त्याने फोन उचलला, तर शिवानीचा निरोप आलेला होता. 'काका, बाबांना बोलताना ऐकलं. आई आणि मी खूप रडलो. तुम्ही जसंच्या तसं जपलंत.'

त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. उद्या सांगू असं ठरवलं. उद्या हळदीची दुसरी पार्टी होती.

रविवारी शहाडला तालमीला गेला तेव्हाही तो सांगायचंच ठरवून गेला होता. शिवानीच्या आईने, कांताकाकूंनी, दारातच अडवलं. "साई, झांज जरा बेतानं हं. शेजारी बाळंतीण आहे. मागे बुवा आणि तू मिळून तिच्या सासूला बहिरी करून ठेवलीत, आता नातवंडाला तरी सोडा."

"काकू, नातवंडाला आत्तापासूनच ताल कळेल."

"कळेल, कळेल. आधी त्याला झोप कळू दे."

बुवा खिडकीपाशी खुर्चीवर होते. साईनाथने पायांवर डोकं ठेवलं तसा त्यांचा चांगला असलेला उजवा हात त्याच्या केसांतून फिरला. नंतर सांगू, आधी पोरीचं ऐकू.

शिवानी छान गायली. गळा बापाचाच होता. नावाड्यापाशी आली, हात कानामागे नेला आणि श्वासही न घेता म्हणाली, "आलो रे आलो!"

बुवांचा उजवा तळहात वर झाला.

ती थांबली. "काय बाबा? पाणी हवंय?"

बुवांनी मान हलवली. नाही. तळहात तसाच वर, मग कानाकडे, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा वर. घशातून घरघर आली, शब्द आला नाही.

"थकलेत ते," कांताकाकू म्हणाल्या.

शिवानीने पुन्हा म्हणून दाखवलं. पुन्हा तळहात वर. या वेळी जोरात. मग तिने फोन घेतला, व्हिडिओ लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "बाबा, बघा. तुम्हीच आहात. तुम्ही असंच म्हटलंय. हात कानाला आणि लगेच, आलो. बघा ना. तुम्हाला आठवत नाहीये." ती मायेनेच म्हणाली, लहान मुलाला समजावतात तशी.

बुवांनी पाहिलं. स्वतःला कान देताना पाहिलं, स्वतःला निघताना पाहिलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग नुसतं आश्चर्य, मग आपलंच काही चुकत असावं तसं काहीतरी. हात हळूहळू मांडीवर उतरला. आणि त्यांनी साईनाथकडे पाहिलं.

काकू कीर्तनाच्या वेळी कायम घरच सांभाळत आल्या होत्या. त्या खोलीत त्या हाताचा अर्थ कळणारा एकच माणूस होता, आणि तो मान खाली घालून झांज पुसत होता. झांज स्वच्छ होती. तरी तो धोतराच्या सोग्याने पुसत राहिला.

"बुवा, दमलात का?" साईनाथ म्हणाला.

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पण निघालं खरं. बुवांनी डोळे मिटले.

रिक्षाने परत येताना त्याला आपल्या हातांकडे बघवेना. माणसाची वाचा देवाने नेली, ती देवाची मर्जी. पण उरलेली आठवण? ती आपण खोटी पाडली होती, आणि ज्याची होती त्याच्याच तोंडच्या पुराव्याने. चार दिवस त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. व्हिडिओ बिघडलाय असं सांगितलं तर शिवानी विचारणार, मग रविवारी गप्प का बसलात? आख्यान बिघडवल्याची लाज वेगळी आणि त्या गप्प बसण्याची वेगळी. पहिली सांगता आली असती. दुसरी पहिलीच्या दारात आडवी झोपली होती.

"सांगून टाक रे," प्रेम म्हणाला. "सॉफ्टवेअरवर ढकल. लोकांना काय, कॉम्प्युटर म्हटलं की पटतं."

"त्याने विचारलं होतं, प्रेम. काढू का म्हणून विचारलं होतं."

"कुणाला?"

"मला."

आंबिवलीच्या देवळात उत्सवाला गर्दी होती. गावातली जुनी माणसं पुढे, मागे नव्या टॉवरमधली, हातात फोन घेतलेली. बुवांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. शिवानी निऱ्या नीट करत नारदाच्या गादीवर उभी राहिली. गादी म्हणजे पाट नाही की चटई नाही. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती जागा. तिथे उभं राहून खोटं बोलायचं नसतं आणि तिथे उभ्या राहिलेल्याच्या पाया वयाने मोठी माणसंही पडतात, हे साईनाथने बुवांकडूनच ऐकलं होतं. आपण तिच्या मागे हातभर अंतरावर उभे आहोत एवढीच त्याला जाणीव होती. हातभर अंतर ठेवलं म्हणून खोटं लहान होत नाही.

पूर्वरंग सुरेख झाला. निरूपणात पोरीने लोकांना दोनदा हसवलं. मध्यंतर आलं. नामाचा गजर सुरू झाला आणि उत्सव कमिटीचे रतनशेठ हार आणि बुक्क्याची वाटी घेऊन माइकपाशी आले.

"मंडळी, शिवानीताईंना हार कुणी घालावा, यावर कमिटीत फार चर्चा नाही झाली," रतनशेठ म्हणाले. "बुवांची वाणी ज्या माणसाने जशीच्या तशी जपली, ज्याच्यामुळे आज हे आख्यान आपल्या कानी पडणार आहे, ते आमचे साईनाथ. कधी पुढे येत नाहीत. आज यायचं."

टाळ्या झाल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "साई, लाजतोस काय नवरीसारखा! दुसऱ्यांच्या नवऱ्या नाचवतोस की!" हशा पिकला. हार त्याच्या हातात आला. झेंडू आणि तुळस, ओलीगार.

शिवानी मान वाकवून उभी होती. समोर बुवा. ते टाळ्या वाजवू शकत नव्हते. उजव्या हाताने मांडीवर थोपटत होते. थोपटत होते, साईनाथसाठी.

त्याने हार घातला. वाकला, बुक्का लावला. पायांपाशी हात नेले आणि ते तिथे टेकेनात. उभा राहिला आणि रतनशेठच्या हातून माइक घेतला. लोकांना वाटलं आशीर्वाद देणार.

"जसंच्या तसं नाहीये ते," तो म्हणाला. आवाज फाटला. "मी जो व्हिडिओ दिला तो. नावाडी कान देतो तिथे बुवा थांबतात. आपल्यातलं कुणीतरी हाक देतं. ते मी काढून टाकलं. म्हणजे निघालं. नाही, काढलं मीच."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "म्हणजे व्हिडिओ बिघडला होय?" एक म्हातारबुवा शेजाऱ्याला म्हणाले. "होतं तसं. आमच्या नातवाच्या मुंजीचा अख्खा गेला." रतनशेठनी सावरून घेतलं, "कॉम्प्युटरचं असंच असतं मंडळी, एवढं मनाला लावून घेऊ नये."

"कॉम्प्युटरने विचारलेलं," साईनाथ म्हणाला. आता तो लोकांशी बोलत नव्हता. "बुवा, तालमीच्या दिवशी तुम्ही हात वर केलात ना, ते बरोबर होतं. तुम्हाला सगळं आठवत होतं. मला कळलेलं. तेव्हाच. मी गप्प बसलो आणि तुम्हाला म्हटलं, दमलात का."

त्याने माइक परत दिला. बोलून टाकल्यावर हलकं वाटतं म्हणतात, त्याला तसं काही वाटलं नाही. देवळातल्या बहुतेकांना काय झालं ते कळलंही नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस रडतो काय, असंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ज्या दोघांना कळलं त्यांच्याकडे बघायची त्याची छाती नव्हती.

शिवानी बापाकडे बघत होती. हार सरळ करायचं निमित्त करून ती साईनाथच्या बाजूला वळली आणि माइकपासून तोंड लांब नेऊन म्हणाली, "काका, मी त्यांना म्हटलं, तुम्हाला आठवत नाही. फोन नाकासमोर धरून म्हटलं. ते मी आता कुठून काढू?"

साईनाथने हारातून खाली पडलेली झेंडूची पाकळी उचलली.

"उत्तररंग सुरू करायचाय," ती म्हणाली. "झांज घ्या."

तो मागे जाऊन उभा राहिला. जाऊ दे नव्हतं, असू दे नव्हतं, नुसतं झांज घ्या. कीर्तन अर्ध्यावर सोडता येत नाही म्हणून.

आख्यान उभं राहिलं. नदी आली, नाव आली, दिवेलागण झाली. पूर चढला. लोकांचे फोन खाली झाले. नावाडी दोर हातात घेऊन उभा राहिला आणि शिवानीचा हात कानामागे गेला. पेटी थांबली, तबला थांबला. साईनाथने झांज छातीशी दाबली.

शांतता.

कुणीच हाक देईना. जुन्यांना मधल्या वर्षांत सवय राहिली नव्हती, नव्यांना ठाऊकच नव्हतं. शांतता लांबली. मागे एक पोर खोकलं. कुणीतरी चुळबुळलं. शिवानीच्या मानेवरची शीर साईनाथला मागून दिसत होती. ती आता बोलणार, न राहवून बोलणार. त्याच्या स्वतःच्या जिभेवर हाक आली होती. एक शब्द, आणि पोरगी सुटली असती. त्याने दात दाबून धरले. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची, त्याच खोडीने तर हे सगळं केलं होतं. आणि त्याची हाक चालली असती का? त्यानेच पुसलेली हाक त्यानेच दिली तर ती पैलतीराहून आली नसती.

पहिल्या रांगेत बुवांचा तळहात वर झाला.

या वेळी शिवानीने पाणी विचारलं नाही. तिने त्या हाताकडे पाहिलं आणि तिची मान सैल पडली. ती थांबली. हात वर होता तोवर ती थांबणार होती, मग रात्र झाली तरी. हे देवळालाही हळूहळू कळलं असावं, कारण चुळबुळ बसली. बाहेरून रिक्षा गेल्याचा आवाज आला आणि तोही विझला.

बायकांमधून, अगदी मागून, खांबाच्या आडून, एक आवाज आला. घाबरत घाबरत, विचारल्यासारखा.

"हरी...?"

"आलो रे आलो!" शिवानी अशी कडाडली की पेटीवाल्याचा सूर चुकला. साईनाथची झांज वाजायला लागली. वाजवत होते ते हात, तो नव्हता. समोरचं काही दिसत नव्हतं. कोण बाई होती तेही त्याला कळलं नाही. त्या दिवशी कॅमेरा लावलेला नव्हता.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला. बुवांना घेऊन शिवानी आणि काकू आधी गेल्या. त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही. रतनशेठनी त्याला दोन लाडू जास्त दिले आणि पाठीवर थाप मारली. त्या थापेपेक्षा शिवी बरी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने कच्चं शूटिंग पुन्हा काढलं. शांत जागा काढू का, अशी चौकट आली, त्याने 'नाही' दाबलं. बुवांचं पाणी पिणं राहिलं, खोकणं राहिलं, माइकवाल्याची खुडबुड राहिली. एक तुकडा इकडचा तिकडे केला की सगळं सरकून बसायचं आणि शांतता पुन्हा मिटायची. मग यादीत शोधताना त्याला दिसलं की रिकामी जागा मुद्दाम घालायची सोयही तिथे आहे. पहिल्या दिवसापासून होती. फरक इतकाच की जुन्यात ती आपोआप उरायची आणि नव्यात ती हवी असं माणसाने म्हणावं लागायचं.

प्रेम मागे येऊन उभा राहिला. नावाडी कान देत होता, पडद्यावर काही हलत नव्हतं. "अटकलं की काय रे?" प्रेमने विचारलं.

"नाही. थांबलेत."

दूरची हाक ऐकू आली. अगदी बारीक. साईनाथने तिचा आवाज वाढवला नाही.

रविवारी तो ते घेऊन शहाडला गेला. फोनवर पाठवलं नाही. पाठवून मोकळं होण्यासारखं ते राहिलं नव्हतं. दार उघडंच होतं. खुर्चीत बुवा, त्यांच्या पायाशी बसून शिवानी त्यांच्या हाताची नखं कापत होती. तिने वर पाहिलं, हसली नाही, पुन्हा खाली पाहून नखं कापायला लागली. साईनाथने एक चप्पल काढली.

बुवांनी त्याला पाहिलं. त्यांचा उजवा तळहात शिवानीच्या हातातून सुटून वर झाला.

ये म्हणतात की थांब म्हणतात, ते त्याला कळेना. विचारायचं धाडसही झालं नाही. तो एक चप्पल घालून, एक काढून, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

आतून कांताकाकूंचा आवाज आला, "कोण, साई का? अरे आत ये की, दारात काय उभा?"

"बुवा सांगतील तेव्हा येतो, काकू," साईनाथ म्हणाला. "मला घाई नाही."

हात वर होता. तो उभा राहिला.